सोलापूर तापतं, त्यात कार्बन डायऑक्साइडचा काय दोष?

बाळीवेसकर: मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, हे आमचे आजोबाही सांगायचे. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्याशानं अख्खी पृथ्वी तापते म्हणे! आपल्याला नाही पटत बुवा.

होटगीरोडवाली: काका, उरलेली हवा म्हणजे बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजन. तापलेली जमीन जी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची, उष्णता वर सोडते, ती हे दोघं जवळपास अडवतच नाहीत. अडवतात बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. शोषलेली उष्णता ते चहूकडे फेकतात, त्यातली बरीच पुन्हा खाली येते. हे नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ च्या आसपास राहिलं असतं, आज ते अधिक १५ आहे. टिंडल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५९ मध्येच हे प्रयोगशाळेत मोजलं होतं. आणि तुमचं ०.०४ कारखानदारीआधी ०.०२८ होतं. म्हणजे दीडपट झालं की!

बाळीवेसकर: मग बाष्प तर याहून जास्त असतं. त्याला कुणी का धरत नाही?

होटगीरोडवाली: ते आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं रेंगाळतो. त्यानं हवा तापली की बाष्प वाढतं, अंशामागे साधारण ७ टक्के, आणि ते आणखी तापवतं. उष्णता अडणं म्हणजे काय ते जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत बघा. निरभ्र रात्री हुडहुडी भरते, आभाळ आलं की अंगातला स्वेटर उतरवावा लागतो.

माळशिरसचा ऊसवाला: उसाचं पाचट पेटवलं की लगेच शेतकऱ्यावर बोट. फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात कोळसा जळतोय, तो दिसत नाही व्हय?

होटगीरोडवाली: दादा, यात तुमचं खरं आहे. पाचटातला कार्बन उसानं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. कोळशातला कोट्यवधी वर्षं गाडलेला, तो नव्यानं भर घालतो. तरी पेटवू नका. काजळी उठते आणि रानाचा सेंद्रिय कर्ब जातो तो तुमचाच.

बाळीवेसकर: सूर्यच जास्त तापत असेल की.

होटगीरोडवाली: मग स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे हवेचा वरचा थरही तापायला हवा होता. तो गार होतोय.

यंत्रमागवाला: ताई, विज्ञान मान्य. पण भारतात माणशी वर्षाला २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या घरात. कोळसा आधी आम्हीच सोडायचा? रात्रपाळीला माग काय चांदण्यावर चालवू?

होटगीरोडवाली: जास्त भार त्यांनीच उचलावा, यात वादच नाही. पण दिवसपाळीला तरी छपरावर पॅनेल टाका. ऊन आपल्याकडे कमी आहे का बे?

यंत्रमागवाला: छप्पर भाड्याचं आहे. मालकाला तुम्हीच समजवा.