बाहेरच्या लोखंडी रंगकामासाठी हवामानाचं कोणतं ॲप? (फुकट हवं)

ब्रशवाला
गेट, जिने, ग्रिल, गच्चीचे कठडे अशी बाहेरची लोखंडी कामं रंगवतो. प्रायमरचा एक हात, वर रंगाचे दोन हात आणि मध्ये सुकायला वेळ, म्हणजे सलग दोन कोरडे दिवस मला आधी कळायला हवेत. फोनमध्ये तीन ॲप आहेत आणि तिघांची तीन तोंडं. एक पाऊस म्हणतं, दुसरं ढगाळ, तिसऱ्यात लख्ख सूर्य. गिऱ्हाइकाला तारीख देताना शब्द माझा जातो. अटी दोनच. पैसे भरायचे नाहीत, आणि फोन जुना आहे, जड ॲप चालत नाही. तुम्ही काय वापरता?

भटकी
विंडी, डोळे झाकून. नकाशावर कुठेही बोट ठेवा, युरोपियन, अमेरिकन, जर्मन मॉडेलांचे (म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालींचे) अंदाज एकाखाली एक बघता येतात. फुकटात तीन-तीन तासांच्या टप्प्यानं दिसतं, म्हणून मी वर्गणी भरून तासातासाचं घेतलंय. डोंगरात जायचं तर ते लागतंच. तुम्हीही घ्या, धंद्यासाठी एवढा खर्च करायला हरकत नाही.

चाकं_दोन
विंडीला +१. पण उतरवून घेताना नीट बघा. विंडी डॉट कॉम आणि विंडी डॉट ॲप या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. आम्ही म्हणतोय ते डॉट कॉम.

गच्चीवरची_बाग
मी कुठल्याच ॲपवर विसंबत नाही. एका फार नावाजलेल्या ॲपनं पावसाची शक्यता शून्य दाखवली आणि त्याच दुपारी माझे रोपांचे ट्रे वाहून गेले. तेव्हापासून गच्चीवर स्वतःचं हवामान केंद्र बसवलंय. पाऊस, दाब, आर्द्रता, वारा, सगळं फोनवर येतं. शेजारपाजारचे आता मला विचारून बाहेर पडतात. ब्रशवाला, हेच घ्या.

ब्रशवाला
ताई, माझी साइट सारखी बदलते, केंद्र बसवू कुठे? आणि पैसे भरायचे नाहीत हे वर लिहिलंय.

साधा_माणूस
वायआर बघा. नॉर्वेची हवामान संस्था आणि तिथली एनआरके ही सार्वजनिक प्रसारण संस्था मिळून २००७ पासून चालवतात. फुकट, जाहिराती नाहीत, जगभरातली ठिकाणं आहेत. ब्राउझरमध्येही उघडतं, म्हणजे फोनमध्ये जागाही जात नाही.

चाकं_दोन
पण नॉर्डिक देश सोडले तर वायआरही युरोपियन मॉडेलच घेतं, आणि विंडीतही तेच मॉडेल आहे. मग विंडीच का नको?

साधा_माणूस
कारण फोन जुना आहे असं ते म्हणालेत. नकाशे हलवायला लागलात की जुना फोन तापतो.

पहिली_सर
दोन दिवसांचा निर्णय कशावरही घ्या, पण सकाळी रंगाचा डबा उघडण्याआधी तुमच्या देशाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचं रडार बघाच. ते अंदाज नसतं, आत्ता पडणाऱ्या पावसाचं चित्र असतं. मागची काही चित्रं ओळीनं पाहिली की ढग कुठे सरकतायत ते कळतं आणि पुढचा तास-दीड तास हाताशी येतो. उणीव एवढीच की जागच्या जागी नवीन ढग फुगला तर तो आधी दिसत नाही, आणि रडारपासून जितकं लांब जाल तितका झोत जमिनीपासून वर जातो, खालचा पाऊस निसटतो. वादळाचे आणि विजेचे इशारेही खात्याच्याच पानावर बघावेत. ॲप ते देईलच असं नाही.

नवा_गडी
एक शंका. ४० टक्के पाऊस म्हणजे ४० टक्के वेळ पडणार, असंच ना?

भटकी
नाही, ४० टक्के भागात पडणार.

चाकं_दोन
भागाचा संबंध नाही. तुम्ही उभे आहात तिथे पडण्याची शक्यता ४० टक्के.

भटकी
मी वर्षानुवर्षं हे वापरतेय आणि माझा अनुभव भागाचाच आहे. अर्ध्या डोंगरावर पाऊस, अर्धा कोरडा, हे कितीदा पाहिलंय.

वेधशाळेतला
चाकं_दोन बरोबर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची व्याख्या बघा. ठरलेल्या वेळेत एखाद्या जागी किमान ०.०१ इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता. किती वेळ पडेल, किती जोरात पडेल, हे त्या आकड्यात नसतं. पाव मिलिमीटर आणि धो धो पाऊस, दोन्हींना तोच ४० टक्के लागू शकतो. म्हणून शेजारचा मिलिमीटरचा आकडाही वाचायचा.

आता मूळ प्रश्न. तीन ॲप तीन गोष्टी सांगतात कारण त्यांच्या पाठीमागची मॉडेलं बहुधा वेगळी आहेत. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. युरोपियन हवामान केंद्राच्या मुख्य मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा साधारण १३ चा. गडगडाटी ढग त्याहून लहान असू शकतो. तो तुमच्या गेटवर रिता होईल की पलीकडच्या वस्तीवर, हे दोन दिवस आधी कोणतंही ॲप सांगू शकत नाही, वर्गणी भरलीत तरी. आणि सारखं ॲप उघडून उपयोग नाही. जीएफएस दिवसातून चारदाच चालतं. मधे आकडे हलले म्हणजे नवा अंदाज आला असं समजू नका.

पण ब्रशवाला, तुमच्या कामात पावसाइतकंच दव महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल इथे कोणीच बोललेलं नाही. हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, तो दवबिंदू. लोखंडाला रंग देताना पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, असा रंगकामात सर्वसाधारण नियम आहे. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. ॲपमधलं तापमान असतं सावलीतल्या हवेचं, जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवरचं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री लोखंड उष्णता आकाशाकडे फेकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणजे ॲपमध्ये स्वच्छ रात्र दिसते तेव्हाच तुमच्या गेटवर दव धरण्याचा धोका जास्त. संध्याकाळी उशिरा दिलेल्या हातावर ते बसलं की चकाकी मरते, आणि ओलीवर रंग चढवला तर पुढे पोपडे सुटतात.

तेव्हा रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू शेजारी शेजारी दाखवणारं ॲप घ्या. विंडीत दवबिंदू फुकटात दिसतो.

भटकी
म्हणजे विंडीच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

गच्चीवरची_बाग
दवबिंदू माझ्या केंद्रावरही दिसतो. माझ्या गच्चीचा, कोणत्या चौकोनाच्या सरासरीचा नाही.

पहिली_सर
स्विस मेटिओब्लूचाही विचार व्हावा. एकाच ठिकाणच्या अनेक मॉडेलांच्या रेषा एका आलेखात दिसतात. रेषा एकत्र चालल्या असतील तर निर्धास्त तारीख द्या, फाकल्या असतील तर थांबा. तिघांत खरं कोण हे शोधत बसण्यापेक्षा तिघांचं पटतंय का हे बघणं जास्त कामाचं.

ब्रशवाला
सगळ्यांचे आभार. वेधशाळेतला साहेब, गेल्या हिवाळ्यातला एक जिना आठवला. पावसाचा थेंब नव्हता तरी रंग पांढुरका पडला होता. गिऱ्हाईक माल हलका म्हणालं, मी डब्याला दोष दिला. कारण आज कळलं.

ठरवलंय ते असं. नवीन ॲप घेत नाही. फोनमध्ये आधीपासून होतं तेच ठेवतो, बाकीची दोन काढतो. पैसे भरायचे नाहीत म्हणालो होतो, तरी दवबिंदू दाखवणारा हातातला मीटर आणि लोखंडाला लावायचं चुंबकाचं तापमापक विकत घेतोय. मला गेटचं तापमान पाहिजे आणि ते कुठल्याच ॲपात नाही.

चाकं_दोन
मीटर आत्ताचं सांगणार. तुम्ही विचारलं होतं दोन दिवस पुढचं.

वेधशाळेतला
तरी निवड वाईट नाही. हवा बदलली नाही तर दवबिंदू तापमानासारखा दिवसभर वरखाली होत नाही, दुपारी मोजलेला आकडा पहाटेसाठीही बऱ्यापैकी धरता येतो. वाऱ्याची दिशा बदलली किंवा सर येऊन गेली तर मात्र पुन्हा मोजा. आणि तारखेसाठी पहिली_सर यांचं ऐका, मेटिओब्लू ब्राउझरमध्ये उघडतं.

ब्रशवाला
तारीख यापुढे एक देणार नाही, दोन देईन, आणि पक्की कुठली ते आदल्या संध्याकाळी कळवीन. शेवटचा हात दुपारीच संपवायचा, उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर.

गच्चीवरची_बाग
मीटर कोणता घेतलात ते कळवा. आमच्या केंद्राशी ताडून बघायचाय.