घडीचा चाकू एकाच हाताने उघडणं-मिटणं: कुठलं लॉक बरं?

डावखुरा माळी
बागेत एका हातात फांदी नाहीतर सुतळी असते, त्यामुळे चाकू दुसऱ्या हातानेच उघडायचा आणि मिटायचा. सध्याचा बॅक लॉकचा आहे, म्हणजे मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबून मिटायचा. उघडतो छान, मिटताना मात्र दोन हात लागतात. लायनर लॉक घ्यावा की क्रॉसबार? मी डावखुरा आहे. शिवाय फ्रेम लॉकचे काही चाकू उघडताना मध्येच अडून बसतात, ते का?

पातेदार
आधी अडण्याचं. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये उघडलेल्या पात्याच्या बुडामागे एक लवचिक पट्टी येते आणि त्याला मिटू देत नाही. या पट्टीवर एक बारीक गोळी असते. चाकू मिटलेला असताना ती पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसते, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही. फ्रेम लॉकमध्ये ही पट्टी म्हणजे मुठीचीच एक बाजू. बोटांनी ती दाबली की गोळी खळग्यात आणखी रुतते, मग अंगठ्याने कितीही जोर लावा, पातं हलत नाही. बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडेवर धरा, लगेच फरक कळेल. लायनर लॉकची पट्टी मुठीच्या आत असल्याने तिथे हा त्रास सहसा होत नाही.

मिटताना मात्र दोन्हींत तोच धोका: अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची, तर्जनीने पात्याची पाठ थोडी ढकलायची, पातं पट्टीच्या पुढे सरकलं की आधी अंगठा काढायचा, मगच पुढे मिटायचं. ही पट्टी उजव्या अंगठ्यासाठी बेतलेली असते. डाव्या हातात ती तर्जनीने सारावी लागते. जमतं, पण ओल्या हाताने नको.

खटका
डावखुऱ्यांनी सरळ क्रॉसबार घ्यावा. बेंचमेड या अमेरिकन चाकू कंपनीने 1998 मध्ये ॲक्सिस नावाने आणलेली ही रचना आता बऱ्याच कंपन्या वापरतात. मुठीच्या आरपार एक आडवी दांडी असते आणि दोन्ही बाजूंच्या दोन बारीक स्प्रिंगा तिला पुढे रेटतात. अंगठा आणि मधल्या बोटाने दांडी मागे ओढली की पातं मोकळं होतं, मनगट किंचित झटकलं की आत जातं. बोटं धारेच्या वाटेत येतच नाहीत, आणि डावं-उजवं सारखंच.

खोट एकच, त्या स्प्रिंगा कधीतरी तुटतात. एक तुटली तर दुसरीवर लॉक चालतं, पण दांडी ढिली वाटू लागते. तेव्हाच बदला. बागेत चीक आणि मातीही दांडीच्या खाचेत जाते. चीक तेलाने सोडवा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग पिव्होटला, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिला, तेलाचा एकच थेंब. जास्त तेलाला धूळ चिकटते.

पातेदार
बॅक लॉकही एका हाताने मिटतो, पण त्याआधी पात्याचं बूड तपासा. मुठीजवळ धार नसलेला भाग किमान तर्जनीच्या रुंदीइतका हवा. अंगठ्याने पाठीवरची पट्टी दाबायची, पातं थोडं खाली येऊ द्यायचं. तो बोथट भाग तर्जनीवर टेकतो. मग अंगठा पट्टीवरून उचलून पात्याच्या पाठीवर न्यायचा, तर्जनी काढायची आणि मिटायचं. धार मुठीपासूनच सुरू होत असेल तर हा प्रकार अजिबात करू नका, बोट कापेल.

कोकणी कलमी
नुसत्या कलमासाठी लॉकची फारशी गरजच नसते. काप स्वतःकडे ओढून घेतो, तेव्हा जोर पातं उघडण्याच्या दिशेने पडतो. लॉकवर ताण येतो तो टोक खुपसताना, किंवा फांदीत अडकलेलं पातं वरखाली हलवून काढताना. त्यापेक्षा धार बघून घ्या: कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते, आणि डावखुऱ्यांना ती उलट बाजूला लागते.

ओपिनेल (लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू) घ्यायचा विचार असेल तर त्याची लॉकची कडी फिरवायला सहसा दोन हात लागतात. शिवाय पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं आत घट्ट बसतं.

राईनकाठचा
जर्मनीत कुणाला पाठवणार असाल तर जपून. एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सोबत बाळगायला तिथे 2008 पासून बंदी आहे, रास्त कारण असेल तरच चालतो. बिनलॉकचा घ्या.