मदत हवी आहे: रावेरची केळी नेपाळात बीरगंजला पाठवायची आहेत

राम राम मंडळी. आपली केळी दिल्लीला कायमच जातात, आता बीरगंजचा एक व्यापारी थेट माल मागतोय. रस्ता बिहारमधल्या रक्सौलच्या सीमा नाक्यावरून. भारत-नेपाळ व्यापार करारात ताज्या शेतमालाला दोन्हीकडे मूळ सीमाशुल्क माफ आहे. आपल्या 1 रुपयाला 1.60 नेपाळी हा दर 1993 पासून बांधलेला, आणि पैसे आपल्याच रुपयात घेता येतात. म्हणजे चलनाची धाकधूक नाही. भीती गाडी अडकायची. 2015 मध्ये त्याच नाक्यावर महिनोन्‌महिने ट्रक उभे होते, आणि केळी म्हणजे काय सिमेंट आहे का थांबायला!

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) कुठून काढता? नेपाळच्या बाजूला आणखी कुठले कर लागतात? नव्या व्यापाऱ्याकडून आगाऊ किती घ्यावं? स्वतः गाडी पाठवलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.