मदत हवी आहे: एकाच नावाची दोन माणसं, वंशावळ अडली

घराण्याची वंशावळ लावतोय. पणजोबांपर्यंत गाडी सुरळीत आली, पुढे घोळ आहे. दोन जुन्या नोंदींत नाव तेच, वडिलांचं नावही तेच. एका नोंदीत वय ३०, दहा वर्षांनंतरच्या नोंदीत ३४! जुन्या कागदांत वय अंदाजे लिहीत हे मान्य, पण हा एकच माणूस की भावकीतला दुसरा, हे ठरवायचं कसं? दोन्हीकडच्या साक्षीदारांची, शेजाऱ्यांची नावं ताडून बघा, असं एका जाणकारांनी सुचवलं. पटलं. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदी आणि वंशावळींची वेबसाइट फुकट आहे, तिथे शोधून झालं. तिथला सामायिक वंशवृक्ष कुणीही बदलू शकतं, त्यामुळे मूळ कागदाचा फोटो दिसल्याशिवाय मी काही धरत नाही. माहिती ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतोय, म्हणजे उद्या जेडकॉम फाइल (वंशावळीच्या बहुतेक प्रोग्राम्सना वाचता येते ती) काढून दुसरीकडे नेता येईल.

डीएनए चाचणीचं काय? वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो, म्हणजे भावकीतल्या सगळ्या पुरुषांचा जवळपास सारखाच. मग माझ्या प्रश्नाला त्याचा उपयोग शून्यच ना?

आणि हो, आत्याचं वय झालंय. तिला नेमकं काय काय विचारू ते आधी सांगा, बाकीचं सावकाश.