कापलेला पत्रा परत येत नाही

जुनी गाडी विकत घेताना, बॅटरी चार्ज करणाऱ्या मूळ डायनामोच्या जागी नंतरच्या काळातला अल्टरनेटर आहे, एवढ्यावरून 1965 ची फियाट अकराशे नाकारू नका, असं मला मनापासून वाटतं. थोडं वायरिंग आणि चार बोल्ट, जुना डायनामो मिळाला की परत बसवता येतो. कापलेल्या पत्र्याचं तसं नाही. स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअर गिअर केला असेल, तर मॅट उचलून पत्रा कुठे, किती कापलाय ते बघाच.

मग आरसी बुकातला चॅसी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. मूळ 1089 सीसी पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल इंजिन निघालं तर थांबा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

आणि दारांच्या खालच्या कडांना चुंबक लावून पाहा. पत्र्यावर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे तो धरत नाही.