शंभर वर्षं जुनं गावचं सभागृह: आधी काय दुरुस्त करायचं आणि पैसे कुठून आणायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा आणि ज्यांनी असं काम केलंय त्यांनी नक्की बोला.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. गावाच्या मध्यावर सार्वजनिक सभागृह आहे, कापसाला चांगले दिवस होते तेव्हा गावानं वर्गणी काढून बांधलेलं. दगडी जोतं, चुन्यातल्या विटांच्या भिंती, वर सातपुड्याच्या सागाच्या कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं, मागच्या दोन खोल्यांवर मात्र आपलं खान्देशी धाबं, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा गावातली पोरं इथूनच निघाली असं जुनी माणसं सांगतात. आजही ज्यांना मंगल कार्यालय परवडत नाही त्यांची लग्नं इथंच लागतात, कानबाईच्या सणाला बाहेरगावची माणसं येतात ती इथं उतरतात, एका खोलीत ‘क’ वर्गाचं वाचनालय आहे आणि तिथंच पोलीस भरतीची, एमपीएससीची पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात.

आता दुखणं. कौलारू छप्पर आणि धाबं जिथं मिळतं तिथली पत्र्याची पन्हळ सडलीय, सगळं पाणी भिंतीत उतरतं आणि त्या भिंतीत बसलेल्या तुळयांची टोकं आतून कुजायला लागलीत. धाब्यावर दर वर्षी गळतं म्हणून नुसती खारी माती टाकत गेले, जुनी कोणी काढलीच नाही, त्या वजनानं मधली तुळई वाकलीय. आणि कधीतरी कोणीतरी आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून ठेवलाय, त्यामुळं ओल बाहेर पडत नाही, वर चढते आणि चुन्याच्या खपल्या पडतात. वायरिंगचं तर बोलायलाच नको, लग्नात हॅलोजन लावले की बोर्ड गरम होतो.

इंजिनियर दादांनी बघून सांगितलं, पन्हळ, तुळया, कौलं आणि धाबं मिळून सात-आठ लाख, सगळंच करायचं तर तीसच्या पुढं. सभागृह सांभाळणाऱ्या आमच्या ट्रस्टकडं आहेत तीन. एक देणगीदार टाइल्स आणि फॉल्स सीलिंगसाठी चांगली रक्कम द्यायला तयार आहेत, नावाचा फलक लावायचा. मन मोठं आहे त्यांचं, पण गळक्या छपराखाली सीलिंग मारलं तर कुजणारं लाकूड दिसायचंच बंद होईल ना. मला वाटतं आधी पाणी बाहेर काढा, मग तुळया, मग वायरिंग, मग बायकांसाठी नीट संडास-बाथरूम, फरशी आणि रंग सगळ्यात शेवटी. पण पन्हळीसाठी पैसे द्या म्हटलं की कोणी देत नाही, पन्हळीवर कोणाचं नाव दिसणार? आणि मीटिंगमध्ये अर्धे लोक म्हणतात हाई पाडी टाका, आमदार निधीतून नवा स्लॅबचा हॉल बांधू. मे महिन्यात स्लॅबच्या हॉलमध्ये दुपारी बसून बघा म्हणावं! आमच्या या हॉलमध्ये उंच कौलांमुळं तेव्हाही माणूस बसू शकतो. असं सागवान आणि असं काम आता कोण करून देणारंय, मी तरी पाडू देणार नाही.

पैशाचं आत्तापर्यंत एवढं कळलंय: ट्रस्ट नोंदणीकृत आहे आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळण्याची मान्यता) आहे, त्यामुळं सुरत-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांकडून बँकेतून देणगी घेता येईल (दोन हजारांवर रोख दिली तर त्यांना सवलत मिळत नाही, म्हणून खातंच). कंपन्यांच्या सीएसआर मध्ये (सामाजिक कामासाठीच्या निधीत) ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आणि सार्वजनिक वाचनालय दोन्ही बसतं, त्यासाठी सीएसआर-१ फॉर्म भरायचाय. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान वाचनालयाच्या जागेसाठी मदत करतं. आणि एक व्यापारी पुढच्या दोन खोल्या नऊ वर्षांसाठी मागतोय, डिपॉझिटही मोठं देतोय, पण ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि तोपर्यंत पावसाळा येईल. शिवाय एक खोली अभ्यासिकेची आहे, ती मला द्यायची नाही.

तर सांगा, छोट्या गावच्या ट्रस्टला जळगाव-धुळ्याकडच्या कंपनीकडून सीएसआर खरंच मिळालाय का कोणाला, अर्ज कोणत्या महिन्यात केला? आमदार निधी जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला मिळवलाय का कोणी? देणगीदारांचा मान राखून त्यांचे पैसे छपराकडं कसे वळवले? आम्ही एक तुळई एका कुटुंबाच्या नावे, असं करायचा विचार करतोय. आणि धाब्याची माती पूर्ण उतरवून वजन कमी करायचं की त्या दोन खोल्यांवर पण कौलंच घालायची?

चुन्याचं काम येणारा गवंडी आणि तुळईचं फक्त कुजलेलं टोक कापून जोड देणारा सुतार हवाय, अमळनेर, शिरपूर, यावल कुठलाही चालेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की कौलं उतरवायची आणि मृगाआधी परत बसवायची आहेत. पन्हळीचे आणि तुळईचे फोटो खाली प्रतिसादात टाकते.