पंखे फिरतात, स्क्रीन काळीच: स्वतः असेंबल केलेल्या पीसीत दोष शोधायचा कुठून?

संत्रा_१६जीबी (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. रायझन ५ ५६००जी सीपीयू, बी४५० बोर्ड (दुकानात बरेच दिवस पडून असलेला, म्हणून स्वस्तात मिळाला), डीडीआर४ ३२०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ग्राफिक्स कार्ड नाही, सीपीयूतलंच ग्राफिक्स. मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा, त्यामुळे मध्ये एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आहे.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात. दहा-बारा सेकंदांनी एकदा आपोआप बंद होऊन परत चालू होतो. स्क्रीनवर काहीच नाही. बोर्डवर डीरॅम लिहिलेला छोटा लाइट पेटून राहतो. बीप येत नाही. रॅम पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये आहे.

आणि एक, कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. घर जुनं आहे, वायरिंगही जुनंच.

बर्डीत (सीताबर्डी बाजारात) दुकानदाराकडे नेला तर तो दहा मिनिटांत करून देईल, ते माहीत आहे. पण मला दोष शोधायला शिकायचं आहे. क्रम काय ठेवू?


मल्टिमीटरवाली

मुंग्यांचं आधी. बोर्डला हात लावण्याअगोदर दर वेळी भिंतीतला प्लग काढ, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धर. त्याचं कारण खाली कोणीतरी नीट सांगेलच.

आता क्रम. बोर्ड चालू होताना ठरलेल्या ओळीने तपासतो: सीपीयू, मग रॅम, मग डिस्प्ले, मग बूट डिस्क. त्याच क्रमाने ते चार लाइट असतात आणि जिथे अडलं तिथला पेटून राहतो. म्हणजे एसएसडी, विंडोज, मॉनिटर यांच्यापर्यंत तुझी गाडी अजून पोचलेलीच नाही. ते विषय आज बाजूला ठेव. बीप येत नाही कारण बझर जोडलेला नाही. आजकाल तो बोर्डसोबत किंवा कॅबिनेटमध्ये क्वचितच येतो. चार पिनांचा छोटासा मिळतो, घेऊन ठेव.

पहिली चूक तुझ्या प्रश्नातच आहे. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक सीपीयूकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, बोर्डवर ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात बऱ्याच बोर्डांवर चालूनही जातं, पण रिकाम्या स्लॉटांची तारेची शेपटी लोंबत राहते आणि सिग्नल तिथून परत फिरतो. वेग वाढला की हे नडतं.

तर सगळी रॅम काढ. एकच स्टिक ए२ मध्ये. खाच जुळव, दोन्ही टोकांवर अंगठे ठेव आणि सरळ खाली दाब. बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते. दुसरी बाजू बसली असं वाटतं आणि ती अर्धा मिलिमीटर वर राहिलेली असते. बाजूने टॉर्च मारून बघ, सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच दिसली पाहिजे. एकीकडे जास्त दिसली तर बसलेली नाही. नवीन स्लॉटला जोर लागतो, बोर्ड किंचित वाकल्यासारखा होतो, घाबरू नको.

मग चालू करून निदान तीन मिनिटं हात लावू नको. पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवतो, तेव्हा एक-दोनदा बंद-चालू होणं चालतं. (डीडीआर५ रॅमच्या, नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर तर हे कितीतरी मिनिटं चालतं आणि लोक मध्येच बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.)

नाही आलं तर हीच स्टिक बी२ मध्ये, मग दुसरी स्टिक ए२ मध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि कागदावर लिही. एक स्टिक सगळीकडे अडली तर स्टिक खराब. दोन्ही एकाच स्लॉटमध्ये अडल्या तर स्लॉट. दोन्ही सगळीकडे अडल्या तर संशय सीपीयूवर आणि बायोसवर (बोर्डमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) जातो, कारण रॅमचा कंट्रोलर सीपीयूच्या पोटातच असतो.

त्याच्याही पुढे जावं लागलं तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढ आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून वीजवाहक असू शकते. २४ पिनांची केबल, सीपीयूची ८ पिनांची, एक स्टिक, सीपीयू आणि त्याचा पंखा, बस. बटणाच्या जागी पीडब्ल्यूआर-एसडब्ल्यू लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. बाहेर चाललं आणि आत चाललं नाही, तर कॅबिनेटमधला एखादा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) बोर्डच्या पाठीला टेकतोय.

रॅमची टोकं मळकी वाटली तर पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसता येतात.


स्क्रू_ड्रायव्हर_नं२

ताईंच्या क्रमाशी सहमत, खोडरबर सोडून. नव्या रॅमला ते कशाला बाप्पा? सोन्याचा थर फार पातळ असतो, घासून घासून तो जातो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, रोवे न सुटणारं कापड, एकदाच पुसायचं. रबर फक्त जुन्या काळ्या पडलेल्या स्टिकला.

बायोसबद्दल. बोर्ड पडून होता म्हणतोस, तर खोक्यावर रायझन ५००० चालतो असं स्टिकर आहे का बघ. बी४५० चिपसेट २०१८ चा, ५६००जी २०२१ चा. जुना बायोस असेल तर बोर्ड हा सीपीयू ओळखणारच नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून नवा बायोस भरायचं) बटण असेल तर नशीब: कंपनीच्या साइटवरून फाइल, मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव, एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये. त्या वेळी रॅम-सीपीयू नसले तरी चालतं, पण मध्ये लाइट गेली तर बायोस अर्धवट राहतो. म्हणून यूपीएसवरच, आणि वावधान (वादळवारा) सुटलंय अशा संध्याकाळी तर नाहीच.

सीपीयूच्या केबलबद्दल सगळे गृहीत धरतात म्हणून सांगतो. ती ४+४ अशी फुटते. ग्राफिक्स कार्डची ६+२ अशी. दोन्ही आठ पिनांच्याच, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या ओळींत असतात. प्लास्टिकचे आकार मुद्दाम वेगळे केलेत. जोर लावून घुसवली तर थेट शॉर्ट.

एसएमपीएस तपासायचा असेल तर २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला तारेने जोडायची, आधी प्लग काढून, आणि एखादा कॅबिनेट फॅन लोड म्हणून लावायचा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर १६ वी पिन, तिच्या दोन्ही शेजारच्या पिना ग्राउंडच असतात. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं नाही. तो चालू होतो एवढंच कळलं. मल्टिमीटरवर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला पाहिजे. डब्बा मात्र उघडू नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.


वायरमन_भाऊ

मुंग्यांचं मी सांगतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. गोंगाट अर्थिंगमध्ये सोडायचं त्याचं काम. सॉकेटची अर्थिंग तुटलेली असली की तो गोंगाट कुठे जाणार? मग पत्रा २३० च्या अर्ध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून झटका नाही, मुंग्या. म्हणजे एसएमपीएस खराब नाही, घरची अर्थिंग नाही. टेस्टर कॅबिनेटला लावला तर मंद पेटेल.

मोजायचं असेल तर, सवय असेल तरच, सॉकेटवर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी दाखवलं तर तिसरी वायर कुठेतरी सुटलीय किंवा टाकलीच नव्हती. महालातल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तीन भोकं आणि मागे दोनच वायरी, हे नेहमीचंच.

एक जुगाड सर्रास सांगतात, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका. मरून जाशील गड्या. अलीकडची न्यूट्रल कुठे तुटली तर चालू असलेल्या उपकरणातून सरळ २३० व्होल्ट त्याच वायरीने कॅबिनेटवर येतात. नळाच्या पाइपलाही नको, आता अर्धे पाइप प्लास्टिकचे आहेत. परवानाधारक वायरमनकडून बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढून घे, अर्थिंगचा खड्डा तपासून घे, आणि त्याच हाताने ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच).


संत्रा_१६जीबी

आला डिस्प्ले! स्टिक एक, ए२, बाजूने टॉर्च मारला तर मघाशी एक टोक खरंच वर होतं. आता दोन्ही ए२-बी२ मध्ये, बायोस स्टिकरप्रमाणे नवाच आहे. पण दोन गोष्टी. रॅम २४०० दाखवतो, ३२०० नाही. आणि बायोसमध्येच बसलो तरी सीपीयू ५८ अंश. विंडोज टाकून व्हिडिओ एक्सपोर्टला लावला तर दुपारी ९३, आणि एकदा झटक्यात बंद झाला. विंडोजच्या नोंदींत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ लिहिलंय. रॅम बसवताना सीपीयूचा पंखा एकदा काढून परत लावला होता.


मल्टिमीटरवाली

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्या पंख्याच्या तळाला कंपनीतून लावलेली पेस्ट एकदाच कामाची. उचलला की मध्ये हवेचे कप्पे होतात. दोन्हीकडची पेस्ट अल्कोहोलने पुसून काढ आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लाव. काढताना आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम कर, प्लग काढ, स्क्रू सोड आणि उचलण्याऐवजी आधी डावी-उजवीकडे पिळ. तुझ्यासारख्या एएम४ सॉकेटच्या सीपीयूच्या पिना सीपीयूलाच असतात आणि थंड पेस्टसकट तो सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकतात त्या तिथे. बसवताना चारही स्प्रिंगचे स्क्रू आधी दोन-दोन आटे, मग तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलास तर तळ कलतो. स्क्रू सुटले की मागची पट्टी खाली पडते, तिला एक हात मागून लावून ठेव.

४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण त्यात नसतं. लाइट गेली तरी ४१ च लिहिलं जातं. शेजारी डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) असेल तर सीपीयूकडे बघ.

बायोसमधले ५८ मनावर घेऊ नको, तिथे सीपीयू झोपत नाही. ९३ मात्र काठावर आहे. या सीपीयूची मर्यादा ९५, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो.

२४०० चं सोपं: बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारी सेटिंग) चालू कर, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ५६००जीचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे वेगाचा फरक डोळ्याला दिसेल. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास, रात्रभर. एक जरी चूक आली तरी नापास. एक्सएमपी बंद करून पुन्हा चालव. तेव्हा शून्य आलं तर स्टिक ठीक आहे, ३२०० चा वेग तिला या बोर्डवर झेपत नाही.


स्क्रू_ड्रायव्हर_नं२

पेस्टने पाच-सात अंश मिळतील, पण नागपूरचा हिशेब वेगळा. सीपीयूचा पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त फरक ठरावीक ठेवतो. जानेवारीत खोली २८ आणि लोडवर सीपीयू ७५, म्हणजे फरक ४७. नवतप्यात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) वरच्या मजल्यावरची खोली ४२ झाली की तोच पीसी, तेच काम, ८९. काही बिघडलेलं नसतं.

त्यामुळे बायोसमध्ये ईको मोड (सीपीयूची वीज कमी ठेवणारी सेटिंग), ४५ वॉट. ६५ वॉटचा म्हणवणारा हा सीपीयू खरं तर ८८ वॉटपर्यंत ओढतो, ४५ च्या ईकोमध्ये ६१. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढंच. उन्हाळाभर ठेव, पावसाळ्यात काढ.

खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओल्या हवेने पाणी सुटतं ही भीती फुकटची आहे, गरम पार्टवर दव पडत नाही. खरा त्रास तुषारांचा: बोअरच्या जड पाण्याचे थेंब उडतात, वाळतात आणि पांढरा क्षार राहतो, त्यावर धूळ चिकटून खपली बसते. चार-पाच फूट आणि कोनात. कॅबिनेटचा पुढचा पंखा आत ओढणारा, मागचा बाहेर फेकणारा. पंख्याच्या चौकटीची जाळी ज्या बाजूला, हवा त्या बाजूने बाहेर पडते. धूळ ब्लोअरने उडवताना पाती बोटाने धरून ठेव.

एसएसडी वाढवशील तर चौथ्या पिढीच्या महागड्या एनव्हीएमईला पैसे घालू नको. ५६००जी तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवरच चालतो.


संत्रा_१६जीबी

पेस्ट, ईको मोड दोन्ही केलं. तोच एक्सपोर्ट, तीच दुपार, ७९. मेमटेस्ट आज रात्री लावतो. वायरमन शनिवारी येतोय, तोवर रबरी चप्पल घालून वापरतो.


वायरमन_भाऊ

चप्पल घालून वापर, पण यूएसबी लावता-काढताना दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर ठेवू नको. आणि कॅबिनेट उघडायचं असेल तर प्लग बाहेर.